लेदर जॅकेट पत्र्यासारखं कडक का होतं?

माझं पहिलं रायडिंग जॅकेट मी कपड्यांच्या साबणाने मस्त घासून भर उन्हात टाकलं होतं, संध्याकाळी हातात घेतलं तर बाह्या पत्र्यासारख्या ताठ आणि कोपर दुमडलं की कुर्र आवाज.

झालं काय, तर लेदर म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रोटीनच्या तंतूंचं गुंतवळ. टॅनिंग करताना, म्हणजे कच्चं कातडं कमावताना, आजकाल बहुतेक वेळा क्रोमियमचे क्षार वापरून, हे तंतू एकमेकांना बांधतात म्हणून कातडं कुजत नाही, आणि मग मधल्या फटींत तेल मुरवतात म्हणजे तंतू एकमेकांवरून घसरतात, लेदर मऊ लागतं ते या घसरण्यामुळेच. साबणाचं पाणी आत मुरलं की त्यातलं थोडं तेल बाहेर पडतं, आणि नंतर पाणी उडताना तंतू जवळ ओढले जाऊन चिकटतात. त्यात लेदर मुळात आम्लधर्मी, पीएच साधारण 4, आणि कपड्यांचा साबण 9-10 चा, म्हणजे दोघांचं जमणं कठीणच. (खास लेदरसाठी म्हणून मिळणारा सॅडल सोप, नाव छान आहे, पण तोही बऱ्याचदा अल्कलीच असतो.)

म्हणून आता आधी आर्मर, म्हणजे आतले संरक्षक पॅड, काढतो, पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसतो, लेदर क्लीनर थोडासाच, आणि सावलीत जाड हँगरवर वाळवतो, हीटर नाही की ड्रायर नाही. गाडी चालवताना चिकटून वाळलेल्या किड्यांवर ओलं फडकं 10 मिनिटं नुसतं ठेवायचं, फुगून आपोआप सुटतात. कॉलरवरची पांढरी रेघ बहुतेक घामाचं मीठ, ते हवेतला ओलावा ओढत बसतं म्हणून पुसायचंच.

कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ करणारं क्रीम, लावायच्या आधी आतल्या कडेला पाण्याचा एक थेंब टाकून बघा. डाग लगेच गडद झाला तर लेदर शोषतंय, थेंब तसाच बसला तर वर कोटिंग आहे आणि क्रीम बरंचसं वरच राहणार, ते पुसून टाका. अगदी पातळ हात पुरे. लोक "लेदरला खाऊ घालतो" म्हणत तेल चोपडतात, पण मेलेल्या कातड्याला भूक कसली, उलट जास्त तेलाने लेदर ढिलं पडून ताणलं जातं, आणि पडल्यावर घसटीला तोंड द्यायचंय ते त्यालाच.

माझ्या त्या जॅकेटचं डावं कोपर तीन पातळ हातांनंतर वाकायला लागलं, उजव्यावर मात्र बारीक भेग पडली होती ती अजून तशीच आहे, तुटलेले तंतू कंडिशनर जोडत नाही.