भुसा, रक्त आणि बाइंडर

बुरशीने बांधलेल्या भुशाचे दिवे, कॉफीच्या चोथ्याचे कप, जुन्या फळ्यांची कपाटं. अशा वस्तू हल्ली नव्या विचाराच्या म्हणून मिरवल्या जातात. विचार मात्र जुना आहे. १८५५ मध्ये फ्रान्समध्ये लपाज नावाच्या गृहस्थांनी लाकडाचा भुसा आणि कत्तलखान्यातलं रक्त एकत्र करून, तापवून साच्यात दाबण्याचं पेटंट घेतलं. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाने भुसा असा धरला जाई की त्याच्या दौती आणि पदकं काळ्या शिसवी लाकडाची वाटत. ‘ब्वा द्युर्सी’ हे त्या मालाचं नाव.

त्यानंतरची पन्नासेक वर्षं अशाच खटपटींची. जवसाचं तेल आणि कॉर्कचा भुगा तागाच्या कापडावर थापून लिनोलियम झालं. हस्तिदंताला पर्याय हवा म्हणून कापसातल्या सेल्युलोजपासून सेल्युलॉइड आलं, पण ते भुरकन पेट घेई. १८९७ मध्ये जर्मनीत दुधातल्या केसीन या प्रथिनापासून गॅलालिथ या प्लॅस्टिकची सुरुवात झाली. त्याची बटणं पुढे कोटाकोटांवर दिसू लागली. लाखेच्या ग्रामोफोन तबकड्या तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाजत होत्या. म्हणजे प्लॅस्टिकचं बालपण शेतात, गोठ्यात आणि झाडांवर गेलं.

१९०७ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बेकलंड यांनी बेकेलाइट हे पूर्णपणे कृत्रिम प्लॅस्टिक घडवलं आणि वळण बदललं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेलापासूनचं स्वस्त प्लॅस्टिक इतकं आलं की जुने प्रयोग अडगळीत गेले.

पण त्या जुन्या काळाला ‘निसर्गस्नेही’ म्हणून डोक्यावर घ्यायचं कारण नाही. गॅलालिथ कडक व्हावं म्हणून ते फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनात भिजत ठेवत, पत्रा जाड असला तर महिनोन्‌महिने. कच्चा माल कुठून आला यावर वस्तूचं पुण्य ठरत नाही. मला तर ती धरून ठेवतं कोण, म्हणजे तिचा बाइंडर कोणता, हाच खरा प्रश्न वाटतो.

टाकाऊ मालाची वाट थोडी वेगळी. १८१३ च्या सुमारास इंग्लंडच्या बॅटलीमध्ये बेंजामिन लॉ यांनी चिंध्या पिंजून पुन्हा लोकर कातली. त्या कापडाचं ‘शॉडी’ हे नाव पुढे इंग्रजीत ‘हलक्या प्रतीचं’ याच अर्थाने रुळलं. टाकाऊ माल वापरल्याची तडजोड लपवायची, हीच रीत होती. १९९१ मध्ये डच डिझाइनर तेजो रेमी यांनी ती उलटवली: जुने, एकमेकांशी न जुळणारे ड्रॉवर नव्या खोक्यांत बसवून सगळा ढीग एका पट्ट्याने आवळला. तिथे बाइंडर म्हणजे तो पट्टा. सोडला की सगळं सुटं.

२००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या इकोव्हेटिव्ह या कंपनीने बाइंडर उगवायलाच घातला. पिकाच्या उरलेल्या काडीकचऱ्यात बुरशीचे तंतू पसरतात, साच्याचा आकार घेतात, मग उष्णता देऊन त्यांची वाढ थांबवतात. अशी वस्तू मातीत कुजते. मक्याच्या साखरेपासूनचं पीएलए हे प्लॅस्टिक मात्र घरच्या कंपोस्टमध्ये तसंच पडून राहतं. त्याला औद्योगिक कंपोस्टिंगची सुमारे ६० अंश उष्णता लागते.

२०२१ मध्ये युरोपीय संघाने ‘बांबूचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कप-ताटांविरुद्ध मोहीम उघडली. त्यांत बांबूची पूड होती खरी, पण तिला धरून ठेवत होतं मेलामाइनचं प्लॅस्टिक, आणि गरम पेयात त्यातून फॉर्माल्डिहाइड उतरत होतं.