ब्रह्मदेशातली पुरलेली स्पिटफायर आणि चिखलात आंधळं होणारं रडार

ब्रह्मदेशात जमिनीखाली दुसऱ्या महायुद्धातली शंभराहून अधिक कोरी करकरीत स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं सापडली, ही बातमी आजही अधूनमधून व्हॉट्सअॅपवर येते. विमानं सापडलेली नाहीत. उत्खनन झालं, हाती काही लागलं नाही, हे २०१३ सालीच स्पष्ट झालं. पण त्या बातमीतलं एक वाक्य मला फार खटकतं: 'शास्त्रज्ञांच्या यंत्रांनी जमिनीखाली विमानं दाखवली होती.' असं कुठलंच यंत्र करत नाही. मग यंत्रं नेमकं करतात काय, हे या कथेच्या निमित्ताने नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी कथा थोडक्यात. दुसरं महायुद्ध संपता संपता ब्रिटिशांनी रंगूनजवळच्या मिंगलाडॉन विमानतळावर स्पिटफायर विमानं सुटी करून, ग्रीस लावून, डांबरी कागदात गुंडाळून, लाकडी खोक्यांसकट पुरली, अशी वदंता होती. डेव्हिड कंडल या लिंकनशरच्या शेतकऱ्याने दीड दशकाहून अधिक काळ तिचा पाठपुरावा केला. २०१२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ब्रह्मदेशच्या अध्यक्षांपुढे हा विषय काढला, करार झाला, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या 'वॉरगेमिंग' कंपनीने पैसा दिला आणि जानेवारी २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ मिंगलाडॉनला पोचले. फेब्रुवारीत कंपनीनेच जाहीर केलं की इथे विमानं नाहीत. लीड्स विद्यापीठाच्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी काही वर्षं आधी तिथली विद्युतचुंबकीय पाहणी केली होती आणि जमिनीखाली काहीतरी वेगळं आहे, एवढी खूण मिळाली होती. वर्तमानपत्रांत पोचेपर्यंत त्या 'काहीतरी'चं स्पिटफायर झालं. सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हेच.

जमिनीत शोध घ्यायचं सर्वांत लाडकं यंत्र म्हणजे भूभेदी रडार. ते रेडिओलहरींचा एक छोटा ठोका जमिनीत सोडतं. माती ते धातू किंवा माती ते पोकळी असा विद्युत गुणधर्म जिथे बदलतो, तिथून लहरीचा काही भाग परत फिरतो. परतायला लागलेला वेळ मोजला की खोली निघते. पण त्यासाठी वेग माहीत हवा. हवेत लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते, बर्फात सुमारे १७, ओल्या मातीत जेमतेम ६. म्हणजे १०० नॅनोसेकंदांनी आलेला तोच प्रतिध्वनी बर्फात साडेआठ मीटर खोली सांगतो आणि ओल्या मातीत फक्त तीन.

खरी गंमत पुढेच आहे. चिकणमातीचे कण म्हणजे अतिसूक्ष्म पत्रे. त्यांच्या स्फटिकात काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियमचा अणू बसलेला असतो, त्यामुळे पत्र्यावर ऋण प्रभार उरतो. तो फेडायला सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन (धन प्रभार असलेले अणू) पत्र्याला चिकटून राहतात. माती कोरडी असते तेव्हा ते जागचे फारसे हलत नाहीत. पाणी मुरलं की मोकळे होतात. आता रडारची लहर आली, की तिचं विद्युतक्षेत्र या आयनांना मागेपुढे ढकलतं, ते पाण्याच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णता होऊन संपते.

किती संपते? ओल्या चिकणमातीत मीटरला २० डेसिबल क्षय धरू. हा काही टोकाचा आकडा नाही. २० डेसिबल म्हणजे शक्तीचा शंभरावा भाग उरणं. लहरीला जाऊन परत यायचं असतं, म्हणून एक मीटर खोलीला दोन मीटरचा प्रवास, म्हणजे दहा हजारावा भाग. तीन मीटर खोलीवरून परत येतो एक लाख कोटीवा भाग, आणि तोही वस्तूवरून लहरीचं पूर्ण परावर्तन झालं असं मानून. 'मग रडार जास्त ताकदीचं घ्या' असं कुणी म्हणेल. पण आणखी एक मीटर खोल पाहायला दहा हजार पट शक्ती लागते, त्याच्या पुढच्या मीटरला पुन्हा दहा हजार पट. दहा मीटरपर्यंतचा हिशेब मांडला तर एकावर चाळीस शून्यं येतात. लहरीची वारंवारिता कमी केली तर थोडं जास्त खोल जाता येतं, पण मग चित्र इतकं पुसट होतं की विमान, खड्डा आणि मोठा दगड यांत फरक कळत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती याच जातीची, म्हणून तिथेही ओल असताना भूभेदी रडार लवकर थकतं. रंगून परिसरात तर वर्षाला अडीच मीटरहून जास्त पाऊस पडतो.

बर्फात हे सगळं उलटं. तिथे आयन स्फटिकात जखडलेले असतात, त्यामुळे अंटार्क्टिकावर तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाचा तळ रडारने मोजता येतो. १५ जुलै १९४२ रोजी सहा पी-३८ लढाऊ आणि दोन बी-१७ बाँबफेकी विमानं ग्रीनलंडच्या बर्फावर उतरवावी लागली. वैमानिक वाचले, विमानं बर्फाखाली गेली. १९८८ मध्ये ती रडारनेच सुमारे ८० मीटर खोलीवर सापडली. तिथून प्रतिध्वनी परत यायला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. १९९२ मध्ये त्यांतलं एक पी-३८ सुटं करून वर काढलं आणि २००२ मध्ये ते पुन्हा उडालं.

मिंगलाडॉनला रडार चालत नाही म्हणून दुसरे मार्ग येतात. लोखंड-पोलादामुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपणारा चुंबकमापक घ्यावा, तर स्पिटफायरचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणजे त्याला दिसतच नाही. इंजिनातला क्रँकशाफ्ट, तोफा असे पोलादी भाग दिसतात, पण त्यांचा परिणाम अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. दोन मीटरवर जेवढी खूण मिळते, तिचा १२५ वा भाग दहा मीटरवर. विद्युतचुंबकीय पद्धतीत एक कुंडल, म्हणजे तारेचं वेटोळं, बदलतं चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, जमिनीतल्या वाहक वस्तूत त्यामुळे गोल गोल फिरणारे विद्युतप्रवाह (भोवरी प्रवाह) वाहू लागतात आणि दुसरं कुंडल त्यांचा प्रतिसाद टिपतं. उत्तर एवढंच मिळतं, की इथे आजूबाजूपेक्षा वहन जास्त आहे. वाहक विमान असू शकतं, तशीच केबल, पाण्याचा पाइप किंवा पाणी साचलेला बाँबचा जुना खड्डाही असू शकतो. मिंगलाडॉन आधी ब्रिटिशांचा तळ, मग जपान्यांचा, आणि आता देशाचा मुख्य विमानतळ. तिथली जमीन कोरी असेल कशी?

त्याच २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नापायी हजार टन सोन्याचा शोध सुरू झाला. तिथेही भूवैज्ञानिक पाहणीत जमिनीखाली अचुंबकीय असं काही वेगळं आढळलं होतं, आणि त्यात सोनं वाचलं गेलं. निघाली खापरं, बांगड्यांचे तुकडे आणि विटांच्या भिंती. आपल्याकडे गुप्तधनापायी नरबळीपर्यंत मजल गेली आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख करावा लागला. स्वप्नाला वैज्ञानिक आलेखाची जोड मिळाली की स्वप्नाचं वजन वाढतं, हे मला जास्त धोक्याचं वाटतं. आलेख काढणाऱ्याने 'यातून वस्तू कोणती हे कळत नाही' एवढं ठळक अक्षरात लिहायलाच हवं.

समजा विमानं पुरली असतीच, तर? स्पिटफायरच्या अॅल्युमिनियममध्ये ताकदीसाठी तांबं मिसळलेलं असतं. ओल पोचली की तांबेयुक्त कण आणि भोवतीचं अॅल्युमिनियम मिळून छोटे छोटे विद्युतघट तयार होतात आणि धातू आतून पोखरला जातो. डांबरी कागद हे सत्तर पावसाळे थोपवणार नाही.

प्रश्न अखेर कागदपत्रांनी सोडवला. १९४५-४६ मध्ये रंगून बंदरात उतरलेल्या मालाची ब्रिटिश हवाई दलाने ठेवलेली नोंद मिळाली: विमानं एकूण ३७, खोक्यांत स्पिटफायर एकही नाही, आणि बहुतेक विमानं १९४६ मध्ये परत बाहेर पाठवलेली दिसतात. ब्रह्मदेशच्या उत्तरेला मिचिना इथे जमिनीत कॅमेरा सोडल्यावर एक खोकं दिसलं, तेव्हा पुन्हा उत्साह आला होता. आत गढूळ पाणी होतं.

ग्रीनलंडच्या त्याच तुकडीतलं आणखी एक पी-३८ २०१८ मध्ये सापडलं. ड्रोनला बांधलेल्या रडारने शंभरेक मीटर खोलीवर खूण दाखवली. शोधपथक तेवढ्यावर थांबलं नाही. त्यांनी बर्फ वितळवत नळी खाली नेली, आणि ती वर आली तेव्हा तिला विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेतलं लाल तेल लागलेलं होतं.