नवीन संगणकाच्या डिस्कचे पार्टिशन: ऑर्डर देताना लक्षात घ्यावयाच्या गोष्टी

घरासाठी नवीन संगणक जुळवून देताना डिस्कचे किती भाग पाडायचे, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला विचारतो. बहुतेकांचे उत्तर ‘नेहमीसारखे चार करा’ असे असते. असे चार भाग केलेले संगणक पुढे सी ड्राइव्ह (विंडोज असलेला भाग) भरत येऊन लाल झाल्याच्या तक्रारीसह आमच्याकडे परत येतात आणि त्या वेळी ई व एफ ड्राइव्ह जवळजवळ रिकामे पडलेले असतात. पार्टिशन एकदा पाडून त्यात माहिती भरली की ते बदलणे वेळखाऊ आणि काही प्रमाणात जोखमीचे असते, म्हणून हा निर्णय ऑर्डर देतानाच विचारपूर्वक घेतलेला बरा.

चार ड्राइव्हची सवय ज्या काळात पडली त्या काळी तिला कारण होते. विंडोज ९५च्या सुरुवातीच्या आवृत्तीत एका पार्टिशनचा आकार २ जीबीपेक्षा मोठा करता येत नसे, त्यामुळे त्याहून मोठी डिस्क घेतल्यास तिचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे डिस्कवर फाइली मांडण्याच्या फॅट-३२ आणि नंतर एनटीएफएस या पद्धती रूढ झाल्या आणि ती मर्यादा संपली. सवय मात्र राहिली. आजच्या विंडोज ११ला किमान ६४ जीबीची डिस्क लागते, आणि तेवढ्यावर ती जेमतेम बसते एवढेच. मोठे अपडेट येताना लागणारी मोकळी जागा, व्हॉट्सअॅपसारख्या प्रोग्रॅमची साठत जाणारी माहिती आणि कोणीही कधी साफ न करणारे डाउनलोड्सचे फोल्डर, हे सगळे ठरवून काही बदलले नाही तर सी ड्राइव्हवरच येऊन पडते.

आमची पद्धत अशी आहे. संगणकात २५६ जीबीची एकच एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) असेल, तर तिचे भाग पाडू नयेत असे आम्ही स्पष्टपणे सांगतो, कारण एवढ्या जागेत दोन वाटण्या केल्या की दोन्ही अपुऱ्या पडतात. ५१२ जीबीच्या एसएसडीवर सी ड्राइव्हला २०० जीबी देऊन उरलेल्या जागेचा एकच डी ड्राइव्ह करतो. मुलांना मोठे गेम टाकायचे असतील किंवा व्हिडिओ संपादनाचे काम असेल, तर सी ड्राइव्हला ३०० जीबीपर्यंत जागा ठेवावी. एसएसडीच्या जोडीला १ टीबीची हार्ड डिस्क घेतली असेल, तर प्रश्नच उरत नाही: पूर्ण एसएसडी विंडोजसाठी आणि पूर्ण हार्ड डिस्क फोटो, चित्रफिती व कागदपत्रांसाठी. एसएसडीचे भाग पाडल्याने तिचे आयुष्य वाढते किंवा घटते असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे, कारण कोणत्या चिपवर लिहायचे हे एसएसडी स्वतः ठरवते आणि ती झीज पार्टिशनच्या सीमा न पाहता संपूर्ण डिस्कवर वाटून टाकते.

संगणक सुरू केल्यावर ५१२ जीबीची डिस्क सुमारे ४७६ जीबी आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, आणि हिशेबात काहीतरी कमी आले अशी शंका ग्राहकांना येते. डिस्क तयार करणारे १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, तर विंडोज १,०२४च्या पटीत मोजते. फरक मापाचा आहे, मालाचा नाही.

याशिवाय विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनात काही लहान भाग दिसतात, ज्यांना ड्राइव्हचे अक्षर नसते. विंडोज ११साठी डिस्क जीपीटी पद्धतीची (डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याची एक पद्धत) असावी लागते, आणि तिच्यावर विंडोज टाकताना साधारण १०० एमबीचा ईएफआय भाग, १६ एमबीचा एक राखीव भाग आणि काहीशे एमबीचा रिकव्हरी भाग आपोआप तयार होतो. ईएफआय भागाविना संगणक सुरूच होणार नाही, आणि विंडोज बिघडल्यास दुरुस्तीचे पर्याय रिकव्हरी भागातून येतात. जागा वाचवण्याच्या हेतूने कोणी हे भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला, तर तो मानू नये.

डी ड्राइव्हचा खरा उपयोग

विंडोज इतके बिघडले की नव्याने टाकावे लागते, अशा वेळी केवळ सी ड्राइव्हला फॉरमॅट मारून काम भागते आणि डी ड्राइव्हवरील फोटो, सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती, मुलांचे शाळेचे प्रकल्प जागच्या जागी राहतात. मात्र त्यासाठी ते मुळात डी ड्राइव्हवर असायला हवेत. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल समोर दिसत असली, तरी ती सी ड्राइव्हवर असते. म्हणून संगणक देताना आम्ही डॉक्युमेंट्स, पिक्चर्स व डाउनलोड्स या फोल्डरांची जागा प्रॉपर्टीजमधील लोकेशन या पानावरून डी ड्राइव्हवर हलवून देतो. हे आपण घरी करणार असाल, तर आधी डी ड्राइव्हवर प्रत्येकासाठी स्वतंत्र फोल्डर तयार करावे आणि मगच तेथे हलवावे. थेट संपूर्ण डी ड्राइव्हलाच डॉक्युमेंट्सची जागा म्हणून निवडल्यास पुढे ते पूर्ववत करणे त्रासाचे होते.

प्रोग्रॅम मात्र डी ड्राइव्हवर टाकले म्हणून वाचत नाहीत. त्यांच्या नोंदी विंडोजमध्ये असतात, त्यामुळे विंडोज नवे टाकल्यावर बहुतेक प्रोग्रॅमही नव्याने टाकावे लागतात. मराठीत काम करणाऱ्यांनी याच संदर्भात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले दस्तऐवज डी ड्राइव्हवर सुखरूप राहतात, पण तो फॉन्ट स्वतः सी ड्राइव्हवर असल्याने फॉरमॅटनंतर नाहीसा होतो, आणि मग लग्नपत्रिका किंवा सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त उघडले की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते; फॉन्ट परत टाकला की मजकूर पूर्ववत वाचता येतो. अशा फॉन्टच्या फाइलींची एक प्रत डी ड्राइव्हवर अवश्य ठेवावी. युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामाईक अक्षरपद्धतीत) टंकलिखित केलेल्या मजकुराला ही अडचण येत नाही.

‘आत्ता सी लहान ठेवा, लागला तर नंतर वाढवू’ असेही सुचवले जाते. विंडोजमधील सोय केवळ लगतच्या, उजवीकडील रिकाम्या जागेतच ड्राइव्ह वाढवू देते. डी ड्राइव्ह आक्रसून जागा मोकळी केली, तरी ती डी ड्राइव्हच्या शेवटाला मोकळी होते, सी ड्राइव्हच्या शेजारी नव्हे. शिवाय मध्ये बहुधा रिकव्हरी भागही असतो. त्यामुळे सी वाढवण्याचा पर्याय फिकट दिसतो आणि दाबता येत नाही. इतर साधने वापरून हे करता येते, परंतु त्यात डी ड्राइव्हवरील सर्व माहिती सरकवावी लागते आणि मध्येच वीज गेल्यास ती धोक्यात येते. याउलट मोठ्या सी ड्राइव्हमधून नंतर थोडी जागा काढून नवा ड्राइव्ह करणे पुष्कळ सोपे आहे. म्हणूनच शंका असल्यास सी मोठा ठेवावा, असे आमचे मत आहे.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, हे मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. सी आणि डी एकाच डिस्कवर असतील, तर ती डिस्क बंद पडताच दोन्ही जातात. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क एरवी संगणकापासून काढून ठेवावी. तसेच ‘रीसेट धिस पीसी’ हा पर्याय वापरताना सर्व काही काढून टाकण्याची निवड केल्यास, फक्त विंडोजचा ड्राइव्ह की सर्व ड्राइव्ह, असा प्रश्न पुढे येऊ शकतो. तेथे घाईने सर्व ड्राइव्ह निवडल्यास डी ड्राइव्हही पुसला जातो.

विंडोज ११मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यावर अनेक संगणकांवर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद करणे, आपोआप सुरू होते. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठवली जाते. ती की कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवावी, कारण ती नसल्यास दुरुस्तीच्या वेळी डिस्कवरील माहिती आम्हालाही उघडता येत नाही. खाते शक्यतो घरातील मोठ्या व्यक्तीच्या नावे उघडावे. दुकानातील कोणाच्याही ई-मेलवर आम्ही ते उघडून देत नाही.

ऑर्डर देताना संगणक कोण कोण वापरणार आहे, जुन्या संगणकावरील किती माहिती नव्यावर घ्यायची आहे आणि त्यात जुन्या फॉन्टमधील दस्तऐवज आहेत का, एवढे आम्हाला सांगावे. जुनी डिस्क आणून दिल्यास तिच्यावरील माहिती आम्ही डी ड्राइव्हवर उतरवून देतो. आपण नवा संगणक घरी नेऊन प्रत्येक फाइल उघडते आहे याची खात्री करेपर्यंत जुनी डिस्क फॉरमॅट करू नये.