अकाली बाळांच्या झोपेतील हालचाली

गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाचे झोपेत बोट उडणे, ओठ हलणे, हात-पाय क्षणभर ताणून सैल पडणे. कोल्हापूरकडे झोपेत हसणाऱ्या बाळाला सटवाई हसवते म्हणतात; हात उडाला की ‘दचकालंय’ म्हणून आजी त्याच्या अंगावर हात ठेवते. पण हे दचकणे नव्हे. सक्रिय निद्रेत, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरत असताना आणि श्वास कमी-जास्त होत असताना, बाकीचे स्नायू सैल राहून एखादाच स्नायू आकसतो.

पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाची सुमारे निम्मी झोप सक्रिय असते. अकाली बाळात हा वाटा याहून मोठा. बाहेरचे जग फारसे पोहोचत नसताना ही निद्रा वाढत्या मेंदूला आतून चालना देत असावी, असा तर्क रॉफवर्ग, म्यूझिओ आणि डिमेंट या निद्रा-संशोधकांनी १९६६ मध्ये मांडला. त्याला भक्कम आधार बराच उशिरा मिळाला. २००४ मध्ये उंदरांच्या नवजात पिलांत दिसले, की पाय उडाल्यावर मेंदूच्या संवेदी भागात नेमक्या त्याच पायाच्या जागी विद्युतलहरींचा झोत उठतो. २००७ मध्ये अकाली जन्मलेल्या मानवी बाळांतही तसेच आढळले: हात हलला की विरुद्ध बाजूच्या मेंदूत, हाताच्या जागी, ‘डेल्टा ब्रश’ नावाच्या लहरी. म्हणजे आधी अंग हलते, मग मेंदूला त्याची खबर जाते. शरीराचा नकाशा असा खालून वर रेखला जातो. जागेपणी स्वतःच्या हालचालीची खबर मेंदू बरीचशी दाबतो, झोपेतल्या झटक्याची दाबत नाही, हे आयोवा विद्यापीठातील मार्क ब्लूमबर्ग यांच्या गटाने दाखवले. यातला बहुतेक पुरावा उंदरांवरचा आहे, हे मात्र विसरू नये.

शाहूवाडी-गगनबावड्याकडून कोल्हापुरात आलेले नातेवाईक ‘बाळ पेटीत ठेवलंय’ असे सांगतात, तेव्हा त्या पेटीभोवतीची (इनक्युबेटरभोवतीची) शांतता हाही उपचाराचा भाग असतो. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, असा संकेत आहे. यंत्रांच्या घंटांमुळे तो पाळणे अवघडच. दूध, तपासणी, लंगोट बदलणे ही कामे एका वेळी उरकली तर झोप कमी मोडते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटात सुरू झाली. वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.

खरी आकडी ओळखणे महत्त्वाचे. झोपेतला झटका बाळ जागे होताच थांबतो. जागेपणीची थरथर हात हलकेच धरला की थांबते. आकडी धरूनही थांबत नाही; सोबत डोळे एका बाजूला वळू शकतात, श्वास अडू शकतो किंवा अंग निळे पडू शकते. अशा वेळी बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. शंकाच असेल, तर मोबाईलवर केलेले चित्रण तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांच्या जास्त उपयोगी पडते.