एकाच वहीवर दोन हात : क्लाउडमधल्या बिघाडांची पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर २०२५, सोमवार. महाराष्ट्रात पहिली अंघोळ आटोपून घरोघरी फराळ चालला होता. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात, अमेझॉन वेब सर्व्हिसेस या अमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांच्या सेवेच्या, डेटा सेंटरांच्या सर्वात जुन्या समूहात, एक नोंद कोरी झाली. डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी ही डीएनएसची, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतली, नोंद होती. डेटाबेस जागेवर होता, त्यातला डेटाही शाबूत होता. पण तिथे पोहोचायचं कसं, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. स्नॅपचॅट, सिग्नल, रोब्लॉक्स, फोर्टनाइट अशा सेवा अडखळल्या किंवा बंद पडल्या.

अमेझॉनने नंतर या बिघाडाचा सविस्तर खुलासा केला. कोणता पत्ता कोणत्या यंत्राकडे वळवायचा, याचा आराखडा एक प्रोग्राम सतत तयार करत असतो आणि दुसऱ्या प्रकारचे प्रोग्राम तो अमलात आणतात. एक बंद पडला तरी अडू नये म्हणून हे अंमलबजावणी करणारे तीन ठेवलेले होते. त्यांतला एक त्या दिवशी कमालीचा रेंगाळला. तोवर दुसऱ्याने नवा आराखडा लागू केला आणि जुने आराखडे पुसायला घेतले. नेमका तेव्हाच रेंगाळलेला पहिला तिथे पोहोचला आणि त्याने हातातला शिळा आराखडा नव्यावर चढवला. आपला आराखडा ताजा आहे ना, हे त्याने आधी तपासलं होतं, पण तपासणी आणि काम यांच्यात फार वेळ गेला होता. मग दुसऱ्याची साफसफाई त्या शिळ्या आराखड्यापर्यंत आली आणि तिने तोही पुसला. नोंद कोरी झाली ती अशी. दोघांपैकी कुणीही नेमून दिलेल्या कामाबाहेर काही केलं नव्हतं.

हे वाचताना मला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातली साठच्या दशकातली एक घटना आठवली. क्लाउडचा इतिहास बहुतेक जण २००६ पासून सांगतात, पण बिघाडांचा इतिहास समजून घ्यायचा तर तिथपर्यंत मागे जावं लागतं. १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी कल्पना मांडली की, टेलिफोनसारखीच संगणनाचीही एक दिवस सार्वजनिक सेवा होईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथलेच संगणकशास्त्रज्ञ फर्नांडो कॉर्बाटो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येतो, हे करून दाखवलं. पुढे याच यंत्रणेवर एका दुपारी लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. ही काही चोरी नव्हती. एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा रोजच्या स्वागत-संदेशाची. एडिटर मात्र दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता, त्यामुळे दोन्ही फायलींची अदलाबदल झाली. फायलींच्या एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस एडिटर वापरेल असं तो लिहिताना गृहीत धरलं होतं. पुढे वापर बदलला, पण गृहीतक तसंच राहिलं. ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात कॉर्बाटो यांनी ही गोष्ट स्वतः सांगितली आहे.

एकाच वहीवर दोन हात पडले की काय होतं, ते तेव्हापासून माहीत आहे. फरक एवढाच की तेव्हा घोटाळा एका विद्यापीठापुरता राहिला आणि आता तो अर्ध्या जगाला जाणवतो.

मधला प्रवास लांब आहे, पण इथे थोडक्यात पुरेल. आयबीएमने साठच्या दशकातच एका संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवले आणि १९७२ मध्ये त्यासाठीचं व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर बाजारात आणलं. पुढे स्वस्त छोट्या संगणकांच्या लाटेत ही कला मागे पडली. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी उभी राहिली, २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन हे तसंच सॉफ्टवेअर आलं, आणि साध्या सर्व्हरचेही तुकडे पाडून ते भाड्याने देणं शक्य झालं. त्याच झेनवर सर्व्हर भाड्याने देणारी अमेझॉनची ईसीटू सेवा ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाली. ती बांधणारा गट दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये बसत होता. दर होता तासाला १० सेंट. सर्व्हर विकत घ्यायचा, खोलीला एसी बसवायचा, यूपीएस लावायचा आणि मग तो वर्षभर अर्धा रिकामा ठेवायचा, हे ज्यांनी केलं आहे त्यांना या दराचं मोल वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारी २००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी एक अहवाल काढला. क्लाउडच्या वाटेवरचे दहा अडथळे त्यात मांडले होते. त्यांतल्या दोनांची चर्चा खूप झाली : एका कंपनीकडे डेटा ठेवला की तिथून निघणं अवघड होतं हा एक, आणि परक्याच्या यंत्रावर गुपितं कशी राखायची हा दुसरा. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिल्यासाठी युरोपीय संघाने कायदा केला असून, सेवा बदलताना लागणारं शुल्क जानेवारी २०२७ पासून तिथे बंद होणार आहे. दुसऱ्यावर, डेटा न उलगडता त्यावर गणित करणाऱ्या कूटपद्धतीपासून प्रोसेसरमधल्या बंदिस्त कप्प्यांपर्यंत बरंच काम चालू आहे. यादीतल्या सातव्या अडथळ्याकडे मात्र सामान्य वाचकांचं फारसं लक्ष गेलं नाही. प्रचंड वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेल्या, प्रणालींतल्या काही चुका लहान प्रमाणावर दिसतच नाहीत, त्या खऱ्याखुऱ्या आकारावरच उगवतात, असं तिथे म्हटलं होतं. माझ्या मते सगळ्या यादीत सर्वात खोल प्रश्न हाच होता.

दोनेक वर्षांतच त्याचा प्रत्यय आला. २१ एप्रिल २०११ रोजी त्याच व्हर्जिनियात नेटवर्कची क्षमता वाढवताना वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळवली गेली. स्टोरेजच्या यंत्रांचा आपापल्या जुळ्या प्रतींशी संपर्क तुटला. नेटवर्क पूर्ववत झाल्यावर सगळ्यांनी एकदमच नवी प्रत ठेवायला जागा शोधायला सुरुवात केली आणि जागा संपली. मोकळी जागा मिळेना म्हणून प्रत्येक यंत्र पुन्हा पुन्हा विचारत राहिलं. त्या विभागातले सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवण्याचे आभासी कप्पे, अडकून पडले. मूळ चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, तरी प्रकरण काही दिवस चाललं.

घाटात बंद पडलेला ट्रक क्रेनने बाजूला घेतला तरी कोंडी लगेच सुटत नाही. मागून गाड्या येतच असतात, मधे घुसणारे घुसतात, आणि ट्रक नसतानाही रस्ता तुंबलेलाच राहतो. क्लाउडमधल्या या अवस्थेला संशोधकांनी २०२१ मध्ये ‘मेटास्टेबल’ बिघाड असं नाव दिलं. कारण नाहीसं झालं तरी प्रणाली स्वतःच्याच ओझ्याखाली आजारी राहते. दिवाळीतल्या त्या दिवशीही पत्त्याची नोंद भारतीय वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास परत आली, पण नवे सर्व्हर सुरू करणारी यंत्रणा रात्री उशिरापर्यंत सावरली नाही. प्रत्येक प्रत्यक्ष यंत्राशी असलेला तिचा करार ठरावीक वेळाने ताजा करावा लागतो. मधल्या तासांत हे करार संपत गेले होते. सगळे एकदम नव्याने करायला घेतल्यावर त्यांची रांग इतकी लांबली की एक करार पुरा होईतो त्याची मुदत टळायची आणि तो पुन्हा रांगेत जायचा. अखेर अभियंत्यांना नवं काम अडवून धरावं लागलं आणि यंत्रणेतले सर्व्हर निवडून निवडून परत सुरू करावे लागले.

मग हे आधी कळू शकत नाही का? काही प्रमाणात कळतं. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅमपोर्ट यांनी घडवलेल्या टीएलए प्लस या गणिती भाषेत प्रणालीचा आराखडा लिहायचा आणि घटनांचा क्रम किती तऱ्हांनी उलटापालटा होऊ शकतो ते संगणकाकडून तपासून घ्यायचं, ही पद्धत अमेझॉनचे अभियंते २०११ पासून वापरत आले आहेत. याच डायनॅमोडीबीच्या आराखड्यात त्यांना अशी चूक सापडली होती की ती घडायला किमान ३५ पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागतात. माणसाच्या नजरेला किंवा नेहमीच्या चाचणीला ती सापडणं जवळजवळ अशक्य होतं. पण जो भाग आराखड्यात लिहिला, तोच तपासला जातो. नोंदी लिहिणारे, साफसफाई करणारे मदतनीस प्रोग्राम अनेकदा त्या कुंपणाबाहेर राहतात, आणि या पद्धतीच्या मर्यादेबद्दल बोलताना तेच विसरलं जातं.

या सगळ्याचा आपल्याशीही संबंध आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि मुंबईत, तर २०१६ मध्ये अमेझॉनने मुंबईत क्लाउडची केंद्रं उघडली. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. डेटा देशात ठेवणं योग्यच आहे, मीही त्याच बाजूचा आहे. पण डेटा मुंबईत असला म्हणजे सगळे धागे मुंबईतच संपतात असं नाही. वापरकर्त्यांच्या परवानग्यांमधले बदल किंवा अनेक देशांत एकत्र चालणारे डेटाबेसचे तक्ते अशा काही जागतिक सोयी व्हर्जिनियावर अवलंबून आहेत, आणि त्यांनाही झळ बसू शकते असं अमेझॉनने त्या दिवशीच कळवलं होतं. आपली सेवा नेमकी कुठे कुठे टेकलेली आहे याचा नकाशा काढणं, हे इथल्या बँकांच्या आणि सरकारी खात्यांच्या तंत्रज्ञांपुढचं मोठं काम आहे.

डायनॅमोडीबीची ती कोरी नोंद शेवटी माणसांनीच हाताने दुरुस्त केली, कारण दोन आराखड्यांच्या गोंधळात स्वयंचलित यंत्रणेला पुढचा एकही आराखडा लागू करता येत नव्हता. नंतर अमेझॉनने आराखडे करणारी आणि लागू करणारी ती यंत्रणा जगभर थांबवली आणि दोन हातांची ही शर्यत मिटवल्याशिवाय ती पुन्हा चालू करणार नाही, असं जाहीर केलं.