रस्सी सैल कोणी सोडली?

१९४६ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात शिक्षक आणि समाजसेवकांची कार्यशाळा चालू होती. वंश-धर्मावरून होणारा दुजाभाव कमी कसा करायचा, हा विषय. दिवसा गटचर्चा होत आणि रात्री मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन व त्यांचे सहकारी त्या गटांबद्दलच्या नोंदी पडताळत. एके रात्री काही प्रशिक्षणार्थीही तिथे येऊन बसले. निरीक्षक त्यांच्यातल्याच एका बाईंच्या वागण्याबद्दल सांगू लागला, तेव्हा बाईंनी ते मान्य केलं नाही. चर्चा तापली. पुढे तर या रात्रीच्या बैठकीच जास्त शिकवून जातात, असं सगळ्यांच्या लक्षात आलं. फेब्रुवारी १९४७ मध्ये लेविन वारले, पण त्याच उन्हाळ्यात सहकाऱ्यांनी मेन राज्यातल्या बेथेल गावी या पद्धतीचं प्रशिक्षण सुरू केलं.

त्या बाईंचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. गटात आपण कसे वागतो, हे आपलं आपल्याला क्वचितच दिसतं.

रस्सी ओढण्याचंच घ्या. फ्रेंच कृषी-अभियंता माक्स रिंगेलमान यांना आढळलं की आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या साधारण निम्म्यावर येतो. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे त्याचं एक कारण. पण १९७४ मध्ये अ‍ॅलन इंगम आणि सहकाऱ्यांनी डोळे बांधलेल्या माणसाच्या मागे ओढण्याचं नुसतं सोंग करणारी माणसं उभी केली. ताळमेळ चुकायला दुसरं कोणी ओढतच नव्हतं, तरी त्याचा जोर घटला!

म्हणून नुसता खेळ खेळवून संघभावना येईल, यावर माझा विश्वास नाही. खेळानंतर बसून बोलायलाच हवं. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी २०१३ मध्ये अशा उजळणीवरच्या अभ्यासांतले ४६ नमुने एकत्र तपासले. उजळणी करणाऱ्यांची कामगिरी सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास सरस होती.

एकाला खेळाबाहेर बसवून नोंदी घ्यायला सांगा: कोण किती वेळ बोललं, कोणाचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, निर्णय नेमका कधी झाला. आधी फक्त घडलेलं वाचून दाखवायचं, बरं-वाईट नंतर. आणि ‘मी असं केलंच नाही’ म्हणत कोणी उठलं, तर घाईने गप्प करू नका. बाकीच्यांना विचारा, त्यांनी काय पाहिलं.