गजकर्णाची ट्यूब मागण्याआधी एवढं वाचा

"मांगच्या वेळची थेच ट्यूब द्या ना भाऊ." पाऊस लागला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. आता आम्ही ती ट्यूब चिठ्ठीशिवाय देत नाही. काही गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जातात. त्यांचा राग आम्हाला कळतो. रात्रभर खाजवून माणूस सकाळी पहिल्या एसटीने येतो आणि समोरचा म्हणतो, आधी डॉक्टरांना दाखवा. म्हणून आमचं म्हणणं इथे नीट लिहून दिलं आहे.

गजकर्ण (कुणी दाद म्हणतं, कुणी नायटा) ही बुरशी आहे. ती रक्तातल्या उष्णतेने होत नाही आणि वांगं खाल्ल्याने वाढत नाही. कातडीच्या वरच्या थरावर ती जगते आणि घाम, ओल, घट्ट कपडा मिळाला की पसरते. फवारणीच्या दिवसांत अंगाला चिकटलेला ओला शर्ट, निंदणाला वाकलेल्या बाईच्या कमरेला परकराची नाडी, जांघेत दिवसभर मुरलेला घाम अशा जागी तिला बरं वावर मिळतं.

बिनचिठ्ठीच्या त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन-चार औषधं एकत्र असतात. त्यातलं एक बुरशीचं असतं आणि एक स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं. दोन-तीन दिवसांत इतका आराम पडतो की माणूस म्हणतो, लागू पडली. पण स्टेरॉइडमुळे कातडीची स्वतःची लढायची ताकदही दबते. बुरशी आत शांतपणे पसरत राहते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होऊन येते आणि आपण पुन्हा तीच ट्यूब मागतो. असं चार-सहा महिने चाललं की गोल चट्ट्याच्या आत दुसरा गोल दिसतो, कडा पुसट होतात, आणि जांघेतली कातडी पातळ पडून पोटुशी बाईच्या पोटावर असतात तशा रेघा उमटतात. त्या रेघा पुन्हा जात नाहीत.

या ट्यूबा आम्हीही विकल्या आहेत, कित्येक वर्षं. एका कास्तकार काकांनी आमच्याकडून दीड वर्ष एकच ट्यूब नेली. एक दिवस त्यांनी शर्ट वर करून पाठ दाखवली. कमरेला रुपयाएवढा असलेला डाग पाठभर झाला होता, आणि घरात सून व दोन लेकरांनाही लागला होता. त्या संध्याकाळी आम्ही फळीवरच्या ट्यूबा उतरवून मागे ठेवल्या.

खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ औषधं बिनचिठ्ठीच्या विक्रीतून काढली. ही औषधं मुळात वाईट नाहीत. इसब किंवा सोरायसिसमध्ये डॉक्टर तीच देतात आणि ती कामही करतात. गजकर्णावर मात्र ती लावू नयेत. गोरं व्हायला म्हणून तोंडाला तर मुळीच लावू नये.

"पहिले तर पंधरा दिवसांत जात होतं, आता काऊन जात नाही?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. बुरशीच बदलली आहे. आपल्या देशात जी चिवट जात पसरली, तिला शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असं नाव दिलं. टर्बिनाफिन हे वर्षानुवर्षं चालत आलेलं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. म्हणून डॉक्टर आता इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जास्त देतात, आणि उपचार दोन आठवड्यांवर न थांबता कित्येक आठवडे चालतो. अंग साफ दिसायला लागलं तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध चालू ठेवायचं. बहुतेकांचं इथेच बिनसतं. सोयाबीन काढणीला आलं की गोळ्या राहतात, आणि कापूस वेचणीपर्यंत डाग परत येतो.

कॅप्सूल घेण्याची रीत हा आमच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी, जेवणाबरोबरच घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर ती अंगात पुरेशी उतरत नाही आणि पैसे पाण्यात जातात. गॅसची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की ही कॅप्सूल विरघळत नाही. हृदय कमजोर असेल, पायावर सूज येत असेल, लिव्हरचा त्रास झाला असेल, कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची गोळी सुरू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर हे न सांगता कॅप्सूल घेऊ नका. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर तर घेऊच नका. मलम नुसतं डागाच्या मध्यभागी थापू नका. बुरशी कडेला जिवंत असते, म्हणून डागाबाहेर दोन बोटं जागेपर्यंत लावा.

स्टेरॉइडची ट्यूब सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज वाढते. औषध चुकलं असं समजून ट्यूबकडे वळू नका. त्या दिवसांसाठी डॉक्टर खाजेची गोळी देतात.

आता घराकडे. करदोटा काढा. तो ओला राहतो आणि बुरशी त्यात टिकते. करदोटा काढणं जिवावर येतं हे आम्ही जाणतो, पण निदान औषध चालू असेपर्यंत काढा, नंतर नवा बांधा. टॉवेल, पंचा, चड्डी, अंथरूण प्रत्येकाचं वेगळं ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणीवरून इस्त्री फिरवा. वावरातून आल्यावर ओले कपडे लगेच बदला. घरात ज्याला ज्याला डाग आहे त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या. नाहीतर नवऱ्याचं बरं होईतो बायकोचं सुरू होतं, आणि पोरगा आश्रमशाळेतून दिवाळीला आला की पुन्हा सगळ्यांना. वारंवार होत असेल तर एकदा शुगर तपासून घ्या.

आणि प्रत्येक डाग गजकर्ण नसतो. रात्री सगळ्या घराला खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात पुटकुळ्या येतात, तर ती खरूज असू शकते. कोपर, गुडघा, डोक्यावर चंदेरी पापुद्रे सुटत असतील तर सोरायसिस असू शकतो. तो कुणाला लागत नाही, म्हणून त्या माणसाचं ताट वेगळं करू नका. त्यासाठी मेथोट्रेक्सेट लिहून दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटावर आम्ही वार लिहून देतो. आणि डाग फिकट किंवा लालसर आहे, खाज नाही, टोचलं तरी कळत नाही, तर ट्यूब मागूच नका. थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात जा किंवा आशाताईंना दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेत घेतली तर हातापायाला काही होत नाही. कुष्ठरोग्यांसाठी बाबा आमट्यांनी उभं केलेलं वरोऱ्याचं आनंदवन कित्येक दशकांपासून आपल्या शेजारी आहे. या रोगाला लपवायचं काही कारण आपल्याकडे तरी उरू नये.

तरोट्याचा (टाकळ्याचा) पाला वाटून लावणारे अजून आहेत. तरोट्याची भाजी आम्हीही आवडीने खातो, पण पसरलेल्या गजकर्णाला ती पुरत नाही. ब्लेडने खरवडून लिंबू चोळणं, घासलेट लावणं यांनी तर कातडी जळते आणि डॉक्टरांना मूळ डाग ओळखता येत नाही.

दाखवायचं कुठे? यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. तिथे डागाच्या कडेची थोडी पापडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतात. दुखत नाही. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. आठवड्यातून एकदा मोबाइलवर डागाचा फोटो काढून ठेवा. फरक पडतो की नाही ते डॉक्टरांना त्यावरून दिसतं.

बायाबापड्यांना एक सांगायचं आहे. छातीखाली, जांघेत, कमरेला खाज असली की काउंटरवरच्या माणसाला सांगायला संकोच वाटतो, मग शेजारणीची ट्यूब लावली जाते. दुपारी दोन ते पाच दुकानात वहिनी असतात. त्या स्वतः फार्मासिस्ट आहेत. बाजाराचा दिवस सोडून या, तेव्हा गर्दी नसते. ट्यूबांची पिशवी त्यांच्यासमोर ठेवा. कोणत्या ट्यूबमध्ये काय आहे ते त्या वाचून सांगतील, आणि डॉक्टरांना दाखवायला एका कागदावर लिहूनही देतील.